रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ आणि औषधाचा डोस

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी उजव्या बाजूला जाते, तिथे छापलेल्या ‘नॉर्मल’च्या मर्यादांकडे. आपला आकडा त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसला, शेजारी बाण-बिण नसला, की कागद घडी घालून फाइलीत. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चालून जातं. सीरम क्रिएटिनिनच्या बाबतीत चालत नाही, आणि वजनाने हलक्या, वयाने थकलेल्या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

हिशेबच मांडून पाहू. क्रिएटिनिन १.१. एक रिपोर्ट २५ वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या तरुणाचा. दुसरा ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचा. आकडा तोच, आणि बऱ्याच लॅबच्या कागदावर दोघंही नॉर्मलच्या रेघेच्या आत. पण वय आणि वजन धरून गणित केलं तर तरुणाच्या किडन्या मिनिटाला सुमारे १०९ मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून मोकळा करतात, आणि आजींच्या अवघा २८ मिलिलिटर. चौथा हिस्सा! आता किडनीवाटे बाहेर पडणारं एखादं औषध दोघांनाही ‘सकाळ-संध्याकाळ एकेक’ असं लिहून दिलं, तर तरुणाला ते औषध ठरेल आणि आजींच्या अंगात ते रोज थोडं थोडं साठत जाईल.

असं का होतं ते कळायला क्रिएटिनिन येतं कुठून ते पाहायला हवं. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचं द्रव्य असतं, चटकन लागणाऱ्या ऊर्जेची शिल्लक सांभाळणारं. त्यातला एक-दोन टक्के भाग रोज आपोआप मोडून क्रिएटिनिन बनतो, रक्तात उतरतो आणि किडनीतून गाळला जाऊन लघवीवाटे निघून जातो. शरीराला त्याचा काही उपयोग नाही. तयार होण्याचा वेग दिवसेंदिवस जवळपास तोच, आणि बाहेर पडण्याची मुख्य वाट एकच. म्हणून किडनीची परीक्षा घ्यायला ते सोयीचं पडलं. मोरीत नळ एका धारेने सोडून ठेवला आणि जाळी तुंबली, तर साचलेल्या पाण्यावरून तुंबारा किती ते कळतं. मात्र नळाची धार किती आहे हे आधी ठाऊक हवं. आजींच्या अंगावर स्नायूच मोजके, म्हणजे त्यांच्या नळाची धारच करंगळीएवढी. तिथे जाळी बरीच तुंबली तरी पाणी घोट्याच्या वर येत नाही.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. किडनीचं काम आणि क्रिएटिनिन यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, व्यस्त आहे. एखाद्याचं क्रिएटिनिन ०.७ वरून १.४ झालं तर ‘थोडंसं वाढलंय’ असं आपण म्हणतो, पण तेवढ्यात त्याची गाळण्याची निम्मी क्षमता गेलेली असते. उलट ६ वरून ७ वर गेलेला आकडा घरच्यांची झोप उडवतो, आणि तोवर गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. नुकसानीचा मोठा भाग ज्या टप्प्यात होतो, त्या टप्प्यात हा आकडा जेमतेम हलतो.

मोजण्याची पद्धतही तशी जुनीच. १८८६ साली माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अल्कलीच्या द्रावणात पिक्रिक आम्ल मिसळलं की क्रिएटिनिनमुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. स्वस्त असल्याने आजही अनेक लॅबमध्ये याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती चालते. तिच्यात खोट अशी की रंग फक्त क्रिएटिनिनमुळेच येतो असं नाही. मधुमेहात रक्तात किटोन वाढले तर आकडा खोटा फुगतो, काविळीत बिलिरुबिन वाढलं तर खोटा उतरतो. एन्झाइमची पद्धत यापेक्षा खात्रीची, पण महाग.

किडनी नेमकं किती गाळते हे थेट मोजता येत नाही का? येतं. चिकोरीसारख्या वनस्पतींच्या मुळांत मिळणारं इन्युलिन शिरेतून द्यायचं आणि ते लघवीतून किती वेगाने बाहेर पडतं ते मोजायचं. विसाव्या शतकात किडनीचं शरीरशास्त्र उभं राहिलं ते बरंचसं या प्रयोगावर. पण सकाळच्या ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना हे कोण करणार? चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची हा दुसरा मार्ग. तो कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात एक वेळची लघवी सवयीने संडासात जाते आणि सगळा हिशेब चुकतो.

या कटकटीतून वाट काढली कॅनडातल्या दोघा डॉक्टरांनी. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी १९७६ मध्ये २४९ रुग्णांच्या मोजमापांवरून एक सूत्र बसवलं. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, आणि आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. कागदाच्या कपट्यावर, साध्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित. वरचे १०९ आणि २८ याच सूत्राने काढलेले आहेत. यातला कॉकक्रॉफ्ट पुढे दम्याच्या संशोधनात नावाजला. त्याच्या नावाचं सूत्र मात्र किडनीवाल्यांनी आणि औषध कंपन्यांनी आजतागायत सोडलेलं नाही.

या सूत्राचा आदर करताना त्याचा पाया किती अरुंद होता हेही लक्षात ठेवावं. ते २४९ रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांसाठीचं ०.८५ हे बायकांना मोजून काढलेलं नाही. बायकांचे स्नायू कमी, तेव्हा पंधरा टक्के वजा करा, असा तो अंदाज. शिवाय त्यात वजन सरळ गुणलं जात असल्याने १२० किलोच्या माणसाची किडनी ६० किलोवाल्याच्या दुप्पट काम करते असं उत्तर येतं. चरबी क्रिएटिनिन बनवत नाही हे सूत्राला कुठे माहीत? म्हणून लठ्ठ माणसात पूर्ण वजन न घेता उंचीवरून काढलेलं किंवा दोहोंच्या मधलं वजन घेण्याचा रिवाज पडला.

नंतर हजारो रुग्णांच्या नोंदींवरून नवी सूत्रं आली. १९९९ मध्ये एमडीआरडी, २००९ मध्ये सीकेडी-एपीआय. या दोन्हींत कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. वंश हे काही शरीरशास्त्रातलं माप नव्हे, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला आणि २०२१ च्या सुधारित सूत्रातून तो गुणक काढून टाकला गेला. आपल्याकडच्या लॅब हल्ली क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा छापतात तो बहुधा याच घराण्यातला असतो. त्याला वजन लागत नाही, फक्त वय, लिंग आणि क्रिएटिनिन. लॅबला ते सोयीचं. वजनकाट्यावर कोणाला उभं करायला नको.

पण खरी गंमत इथेच आहे. आपल्या आजींचा ईजीएफआर २०२१ च्या सूत्राने काढला तर येतो ५१. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने २८ आला होता! बाई तीच, रक्त तेच. फरकाचं एक कारण त्या आकड्याच्या शेपटीला लिहिलेलं असतं, जे कोणी वाचत नाही: ‘प्रति १.७३ चौरस मीटर’. शरीराच्या पृष्ठभागाचं हे क्षेत्रफळ म्हणजे १९२० च्या दशकातल्या तरुण अमेरिकन माणसाची सरासरी. दोन माणसांच्या किडन्यांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येकाला त्या मापात बसवलं जातं. किडनीचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवायला ते ठीक. पण औषध सरासरी अमेरिकनाच्या नव्हे, आजींच्या किडनीतून जाणार आहे. आजींची उंची १४८ सेंटिमीटर धरली तर त्यांचं क्षेत्रफळ भरतं १.३१ च्या आसपास. त्या हिशेबाने ५१ चे होतात ३९. म्हणजे एकाच बाईचे तीन आकडे झाले: २८, ३९ आणि ५१. यातला कागदावर छापून येतो तो सगळ्यांत दिलासा देणारा.

आपल्याकडे हा फरक जास्त जाचतो असं मला वाटतं, आणि त्याला पुण्यातलाच दाखला आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे याज्ञिकांनी मधुमेहाच्या संदर्भात वर्षानुवर्षं मांडलं. किडनीच्या संदर्भात त्याचा अर्थ उघड आहे. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी, आणि पाश्चात्त्य शरीरांवर बेतलेलं सूत्र आपल्या किडनीला तिच्या लायकीपेक्षा जास्त गुण देणार. त्यात आपल्यातले अनेक जण शाकाहारी; मांसाहारातून मिळणारी क्रिएटिनची भरही नाही.

मग औषध देताना कोणता आकडा धरायचा? बहुतेक जुन्या औषधांच्या माहितीपत्रकातले डोसचे टप्पे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर बेतलेले आहेत, कारण त्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा तेच हाताशी होतं. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतही तेच वापरलं गेलं. किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था केडिगो हिचा २०२४ चा सल्ला नव्या सूत्रांकडे झुकतो, पण शरीराचं वजन टोकाचं असेल आणि औषधात चुकायला जागा कमी असेल, तर १.७३ चं माप काढून टाकून स्वतः रुग्णाचा आकडा धरावा असंही तो सांगतो. तिन्ही आकडे एकाच टप्प्यात पडत असतील तर वादाचं कारणच नाही. ते वेगवेगळ्या टप्प्यांत पडतात तेव्हा डॉक्टरने थांबून विचार करायचा असतो. औषध जास्त झालं तर धोका मोठा की कमी पडलं तर, या प्रश्नाच्या उत्तरावरून मग आकडा निवडायचा. सिस्टॅटिन सी नावाची एक रक्ततपासणीही आहे. हे प्रथिन स्नायूंवर अवलंबून नसतं, शरीरातल्या बहुतेक पेशी ते बनवतात. थायरॉइडचा विकार, स्टिरॉइड, लठ्ठपणा यांनी तेही हलतं, पण काडीसारख्या झालेल्या म्हाताऱ्या माणसात ते क्रिएटिनिनपेक्षा खरं बोलतं. दोन्ही मिळून काढलेला अंदाज सगळ्यांत भरवशाचा.

आता औषधांकडे. मधुमेहाने पायांची आग होते, मुंग्या येतात, म्हणून गाबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन दिलं जातं. दोन्ही जवळजवळ पूर्ण किडनीवाटेच बाहेर पडतात. गाबापेन्टिनचा दिवसाचा डोस ३० ते ५९ च्या टप्प्यात ४०० ते १४०० मिलिग्रॅम, आणि १५ ते २९ च्या टप्प्यात २०० ते ७०० मिलिग्रॅम. म्हणजे आजींना ५१ वाली समजून दिलेला डोस, त्या २८ वाल्या असतील तर दुप्पट. मग आजी दिवसभर पेंगतात, हातपाय झटकतात, बोलताना अडखळतात, रात्री बाथरूमला जाताना पडतात. घरचे म्हणतात, वय झालं. एखादे डॉक्टर मेंदूचा स्कॅन करायला सांगतात. गोळी कमी केली की दोन-चार दिवसांत आजी पूर्ववत बोलायला लागतात, असं घडतं. स्नायूंचा ताठरपणा घालवणारं बॅक्लोफेन आणि नागिणीवरचं असायक्लोव्हिर यांचाही असाच भ्रम घडवण्याचा लौकिक आहे.

मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड सगळ्यांत कपटी. यकृत तिचे तुकडे करतं, पण ते तुकडेही साखर उतरवतात आणि किडनी थकली की साठतात. पहाटे घाम फुटून शुगर कोसळते. इन्शुलिनचीही विल्हेवाट काही प्रमाणात किडनीच लावते. त्यामुळे किडनी निकामी होत चाललेल्या मधुमेहींची शुगर अचानक आटोक्यात यायला लागते, गोळ्या कमी कराव्या लागतात, आणि घरात पेढे वाटावेत असा आनंद होतो. प्रत्यक्षात ती धोक्याची सूचना असते. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली बंद करतात, आणि ४५ च्या खाली नव्याने सुरू करत नाहीत. याउलट लिनाग्लिप्टिनसारखी गोळी मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते, तिचा डोस बदलावा लागत नाही. सगळीच औषधं किडनीच्या नावाने कमी करायची नसतात. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड आहे तसंच चालतं; एथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइडचं अंतर मात्र आकडा ३० च्या खाली गेला की वाढवून आठवड्यातून तीनदा करतात. एथॅम्ब्युटॉल साठलं तर डोळ्याच्या नसेवर घाला घालतं, लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो.

डोस कमी करायचा म्हणजे दरवेळी गोळी अर्धी करायची असंही नाही. गोळी तेवढीच ठेवून दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवणं हा दुसरा मार्ग. अमिकासिन, जेन्टामायसिन ही प्रतिजैविकं जंतूंना एकदम मोठ्या मात्रेने मारतात, तिथे अंतर वाढवणं शहाणपणाचं. पेनिसिलिनच्या गटातली औषधं रक्तात सतत हजर असावी लागतात, तिथे मात्रा कमी करून वेळा बऱ्याचदा तशाच ठेवतात. आणि पहिला डोस? तो बहुतेकदा पूर्णच द्यायचा असतो. शरीरात औषध कितपत पसरतं त्यावर पहिला डोस ठरतो. किडनीचा संबंध येतो ते औषध बाहेर काढण्याच्या वेळी. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलं म्हणून पहिल्याच दिवशी प्रतिजैविक निम्म्यावर आणणं हा सावधपणा वाटतो, पण तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. अशा अनेक रुग्णांची किडनी एक-दोन दिवसांत सावरते आणि तोवर औषध कमी पडलेलं असतं.

तसंही किडनीला अचानक दणका बसलेला असताना या सूत्रांवर विसंबायचंच नसतं. ती सगळी ‘क्रिएटिनिन स्थिर आहे’ हे गृहीत धरतात. गॅस्ट्रोने पाणी आटून रुग्णाची लघवी सकाळपासून बंद झाली असेल, तर त्याची किडनी त्या क्षणी जवळपास शून्यावर असते. रक्तातला आकडा मात्र संध्याकाळीही १.३ असू शकतो, कारण साचायला वेळ लागतो. तिथे सूत्र ‘साठ-सत्तर’ असं खुशाल सांगेल. उलटही होतं: ट्रायमेथोप्रिमसारखी काही औषधं क्रिएटिनिनची बाहेर पडण्याची एक बारीक वाट अडवतात, आकडा वाढतो, पण किडनीला काहीच झालेलं नसतं. पाय कापावा लागलेला रुग्ण, यकृत सुकलेला रुग्ण, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला रुग्ण, जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणारा तरुण, गरोदर बाई: या सगळ्यांत सूत्राचं उत्तर सांभाळूनच घ्यावं. मुलांसाठी तर सूत्रच वेगळं, त्यात वजनाऐवजी उंची लागते.

आपल्याकडे किडनीला अवचित बसणारा दणका बऱ्याचदा घरातूनच येतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन, त्याच गोळीत पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, आणि वर गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून मागून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकची गोळी. एकेकटी ही औषधं बहुतेकांना पचतात. तिन्ही एकत्र आली आणि त्यात उन्हाळा किंवा जुलाब, की थकलेली किडनी बसते. मग बाकीच्या औषधांचे कालपर्यंत बरोबर असलेले डोस आजपासून जास्त ठरतात. दुखण्यासाठी गोळी हवीच असेल तर निदान ती कोणती घेतली हे डॉक्टरांना कळू द्यावं. यात संकोच कसला?

हा सगळा हिशेब करणं रुग्णाचं काम नाही, डॉक्टरचं आणि औषधशास्त्र शिकलेल्या फार्मासिस्टचं आहे. पण हिशेबाला लागणारा कच्चा माल आपल्याच घरात असतो. साठी उलटलेल्या, किंवा मधुमेह-बीपी असलेल्या प्रत्येकाच्या फाइलीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: आजचं वय, या महिन्यातलं वजन, आणि मागच्या दोन-तीन वेळचं क्रिएटिनिन तारखेसह. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, दुखण्याची आणि आयुर्वेदिकही. नवी गोळी लिहून दिली की एवढंच विचारा, ‘डॉक्टर, आईचं वजन बेचाळीस किलो आहे, तिच्या किडनीच्या हिशेबाने हा डोस बरोबर आहे ना?’ उत्तर मिळेपर्यंत गोळी स्वतःहून अर्धी करू नका आणि बंदही करू नका. रक्त पातळ करणारी किंवा फिट येऊ न देणारी गोळी परस्पर तोडली तर जास्त डोसाइतकीच ती महागात पडते.